फायबर बदललं आणि प्रिंटर हरवला: घोडबंदरच्या ताईंना उत्तर

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. घरी तीन वर्षांचा इंकटँक प्रिंटर आहे, प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स तिन्ही करणारा. गेल्या महिन्यात त्यांनी जुनं केबलचं इंटरनेट काढून फायबर घेतलं. बसवायला आलेल्या मुलाने वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, म्हणून फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळं आपोआप जोडलं गेलं. प्रिंटर मात्र त्या दिवसापासून रुसलाय. वायफायचा दिवा नुसता लुकलुकतो आणि लॅपटॉपवर 'ऑफलाइन' दिसतं. ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकून झाला. झेरॉक्स नीट निघते. दुकानात दाखवल्यावर 'बोर्ड गेलंय, साडेचार हजार लागतील' असं सांगितलं. मुलीचं दहावीचं वर्ष आहे आणि प्रोजेक्टच्या पानांसाठी रोज कोणाला तरी रिक्षाने दुकानापर्यंत जावं लागतंय.

ताई, साडेचार हजार आत्ता देऊ नका. ठाणे आणि नवी मुंबईत मी अठरा वर्षं प्रिंटर आणि नेटवर्कचं काम करतोय. सुरुवात वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांतल्या डॉट मॅट्रिक्सपासून झाली, आता बहुतेक कॉल घरचेच असतात. नेट बदललं त्याच दिवशी प्रिंटर बंद पडला असेल, तर दोष प्रिंटरच्या पोटात असण्याची शक्यता फार कमी. झेरॉक्स निघते म्हणजे मुख्य बोर्ड, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग), मोटर, स्कॅनर सगळं काम करतंय. दिवा लुकलुकतोय म्हणजे वायफायचा भागही जिवंत आहे आणि कोणाला तरी शोधतोय.

याचा पुरावा घरीच मिळतो. एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वायफायची लहर, २.४ गिगाहर्ट्झ ठेवा आणि सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए२ ठेवा. आयफोन असेल तर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय चालू करा. नाव-पासवर्ड साधे, इंग्रजी अक्षरांत द्या. आता प्रिंटर त्या हॉटस्पॉटला जोडून बघा आणि लॅपटॉपही त्यालाच जोडा. प्रिंटर जोडला गेला आणि पान निघालं, तर त्याचं वायफाय शाबूत आहे. मग बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला तेच पान दाखवा. माझ्याकडे 'बोर्ड गेलंय' म्हणून आलेले किती तरी प्रिंटर या एका चाचणीत निर्दोष सुटले आहेत. लोकांचे पैसे वाचावेत म्हणून ही चाचणी मी फोनवरच करून घेतो, घरी जायच्या आधी.

आता ड्रायव्हर दोनदा टाकूनही काही का झालं नाही, ते समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांचा वेळ जातो. ड्रायव्हर हा दुभाषा आहे. लॅपटॉपची भाषा तो प्रिंटरला समजेल अशी करतो. पण कागद जायचा रस्ताच बंद असेल तर दुभाषा बदलून काय होणार? रस्त्याचे दोन टप्पे आहेत: प्रिंटर ते राउटर आणि राउटर ते लॅपटॉप. तुमचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे पहिलाच टप्पा तुटलाय. आणि मला जवळजवळ खात्री आहे की दुसराही तुटलाय, फक्त तो पहिल्याच्या आड लपलाय. नेट बदललेल्या घरांत हे नेहमी होतं. माणूस पहिला दोष बरोबर दुरुस्त करतो, तरी पान निघत नाही, म्हणून वाटतं की केलेलं चुकलं. मग तो बरोबर केलेलंही उलटं फिरवून ठेवतो. एक टप्पा पूर्ण झाल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

पहिल्या टप्प्यासाठी लॅपटॉप मिटून ठेवा आणि प्रिंटरपाशी बसा.

नाव आणि पासवर्ड तेच असताना फोन जोडला गेला आणि प्रिंटर का नाही? कारण वायफायची ओळख नाव-पासवर्डावर संपत नाही. नव्या फायबर राउटरमधून दोन लहरी निघतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती प्रिंटरपैकी बरेचसे, विशेषतः स्वस्त गटातले, फक्त २.४ ओळखतात. फोन दोन्ही ओळखतो, म्हणून त्याला काहीच अडचण येत नाही. बहुतेक राउटर दोन्ही लहरींना एकच नाव देतात आणि कोणत्या उपकरणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. फोनला हे सोयीचं, पण काही प्रिंटर त्यात गोंधळतात. काही घरांत तर बसवणाऱ्याने २.४ बंदच केलेलं मी पाहिलंय, वेग जास्त दिसावा म्हणून.

दुसरं कारण आहे कुलूप. जुन्या राउटरवर डब्ल्यूपीए२ असणार. ही पद्धत २००४ पासूनची आहे आणि प्रिंटरला ती पाठ असते. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं आणि नवे राउटर कधी कधी फक्त त्याच्यावर ठेवलेले असतात. तुमच्या प्रिंटरला हे नवं कुलूप उघडता येत नसेल, तर अगदी बरोबर पासवर्ड देऊनही तो दारातून परत जाईल आणि पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा' असंच सांगेल. हा संदेश फसवा आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून लोक दहा वेळा तोच पासवर्ड टाकत बसतात.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरा. राउटरच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या लेबलवर त्याचा पत्ता आणि आत जायचा पासवर्ड असतो. काही कंपन्यांचं मोबाइल ॲपही असतं. आत वायरलेस किंवा वायफाय या भागात २.४ आणि ५ वेगळे दिसतील. २.४ चालू आहे ना ते बघा. जमलं तर ५ चं नाव थोडं बदला, म्हणजे २.४ चं नाव जुनंच राहील आणि प्रिंटरला दुसरीकडे बघायचं कारणच उरणार नाही. २.४ ची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२-पीएसके आणि एईएस करा. घरासाठी ही पुरेशी सुरक्षित आहे, पासवर्ड लांब असला म्हणजे झालं. सिक्युरिटी पूर्ण काढून 'ओपन' करायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. तुमच्याकडच्या टॉवरमध्ये एका भिंतीपलीकडे दहा घरं आहेत.

तिथेच चॅनलही, म्हणजे त्या लहरीतली राउटरने धरलेली पट्टी, बघून घ्या. 'ऑटो' असेल तर राउटर कधी कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो. भारतात ते चालतं, पण काही प्रिंटर ११ च्या वर बघतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तुमचं वायफाय अस्तित्वातच नसतं. १, ६ किंवा ११ यापैकी एक पक्कं करा. घोडबंदरला वायफायची यादी उघडली की वीस-तीस नावं सहज दिसतात, त्यामुळे तिघांपैकी ज्यावर गर्दी कमी तो घ्या.

हे झाल्यावर प्रिंटरला जुनं विसरायला लावा. त्याच्या वायफायचं रीसेट प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं. कुठे वायफाय आणि कॅन्सल ही बटणं एकत्र दाबून धरायची, कुठे पडद्यावरच्या मेनूतून 'रिस्टोर नेटवर्क सेटिंग'. पुस्तिकेत ते एका ओळीत लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या अधिकृत साइटवर मॉडेल नंबर टाकून मिळते. मग कंपनीच्या मोबाइल ॲपमधून तो परत जोडा. जोडताना फोन २.४ वर असलेला बरा, आणि फोनचं ब्लूटूथ व लोकेशन चालू ठेवा, कारण बरीच ॲप नवा प्रिंटर शोधायला तेच वापरतात. एवढ्या वेळासाठी मोबाइल डेटा बंद ठेवा. जोडताना प्रिंटर स्वतःचं तात्पुरतं वायफाय सुरू करतो, त्यावर इंटरनेट नसतं, ते पाहून फोन परस्पर डेटावर उडी मारतो आणि जोडणी अर्ध्यात तुटते.

दिवा स्थिर झाला की पहिला टप्पा संपला. पण माझी सवय अशी की दिव्यावर न थांबता नेटवर्क रिपोर्टचं पान काढायचं. हे पान प्रिंटर स्वतः छापतो, लॅपटॉप लागत नाही. त्यावर वायफायचं नाव, सिग्नल किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला प्रिंटरचा आकड्यांतला पत्ता, असतो. हे पान प्रिंटरच्या तळाला चिकटवून ठेवा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर थांबा. याचा अर्थ राउटरने त्याला पत्ता दिलाच नाही आणि प्रिंटरने स्वतःच्या मनाने एक घेतला. राउटर बंद-चालू करा आणि परत बघा. तरी तेच आलं तर पहिला टप्पा अपुरा आहे, सिक्युरिटीकडे परत जा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर त्याची लॅपटॉपच्या पत्त्याशी तुलना करा. टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन दोघांचे सारखे हवेत. लॅपटॉप १९२.१६८.२९.५ आणि प्रिंटर १९२.१६८.२९.८ असेल तर दोघं एकाच मजल्यावर आहेत. प्रिंटर १९२.१६८.०.८ दाखवत असेल तर कोणीतरी पूर्वी त्याला हाताने पक्का पत्ता दिलेला होता आणि तो अजून जुन्याच घराचा पत्ता सांगत बसलाय. प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत जाऊन पत्ता 'ऑटो' करा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालतं, राउटर एकच हवा. लहर वेगळी असली तरी घर एकच असतं.

आता लॅपटॉप उघडा. आधी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत प्रिंटरचा आयपी पत्ता टाइप करून एंटर दाबा. बहुतेक वायफाय प्रिंटरच्या पोटात स्वतःचं एक छोटं पान असतं, शाईची पातळी वगैरे दाखवणारं. ते उघडलं म्हणजे लॅपटॉपला प्रिंटर दिसतोय आणि दोन्ही टप्पे मोकळे आहेत. 'साइट सुरक्षित नाही' असा इशारा आला तर या एका पानापुरता घाबरू नका, ते तुमच्याच टेबलावरच्या यंत्राचं पान आहे.

पान उघडतंय आणि तरी विंडोज 'ऑफलाइन' म्हणतंय? हाच तो लपलेला दुसरा दोष. जुन्या राउटरने प्रिंटरला जो पत्ता दिला होता तो विंडोजने 'पोर्ट' म्हणून लिहून ठेवलाय. नवा राउटर वेगळे आकडे वाटतो. लॅपटॉप अजून जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतोय, तिथे कोणी नाही, म्हणून 'ऑफलाइन'. कंट्रोल पॅनेलमधून प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये जा. नुसतं 'प्रॉपर्टीज' नाही, 'प्रिंटर प्रॉपर्टीज'. तिथल्या 'पोर्ट्स' टॅबवर खूण असलेल्या ओळीतला पत्ता रिपोर्टच्या पानाशी ताडून बघा. वेगळा असेल तर 'ॲड पोर्ट', मग 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', आणि नवा पत्ता. तिथे आकड्यांऐवजी 'डब्ल्यूएसडी' लिहिलेलं दिसलं तरी हेच करा. डब्ल्यूएसडी प्रिंटरला आपोआप शोधतं, पण झोपेतून उठलेला प्रिंटर त्याला कधी सापडतो, कधी नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक घरात मी सरळ आयपी पोर्टच लावतो. आणि प्रिंटरची रांग उघडून वरच्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर खूण राहिलेली नाही ना, तेही बघा.

हे सगळं पुढच्या वेळी लाईट गेल्यावर परत करावं लागू नये म्हणून राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाचा भाग असतो. तिथे रिपोर्टच्या पानावरचा मॅक ॲड्रेस (प्रिंटरचा कायमचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी लिहायचा. मग राउटर तो पत्ता दुसऱ्या कोणाला देत नाही. हे पाच मिनिटांचं काम ज्या घरात केलंय तिथून 'ऑफलाइन'चा फोन मला क्वचितच परत आलाय.

इतक्यावर तुमचं काम व्हायला हवं. नाही झालं तर हे तीन प्रकार बघा.

नेरुळला सिडकोच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्याकडे फायबरचा डबा हॉलमध्ये आणि रेंज मिळावी म्हणून जुना राउटर आतल्या खोलीत, त्याला वायरने जोडलेला. प्रिंटर हॉलच्या डब्यावर आणि लॅपटॉप आतल्या राउटरवर. फोन हॉलमध्ये असला की प्रिंट निघायची, आतल्या खोलीत गेला की नाही. सर चार महिने समजत होते की फोनच खराब आहे. खरं तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली होती. आतल्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकलं, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता हॉलचंच वायफाय पुढे नेतो, आणि प्रश्न संपला. तुम्हीही फायबर आल्यावर जुना राउटर आत लावून ठेवला असेल तर आधी हेच तपासा.

ऐरोलीच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्यांच्या घरी वेगळीच गोष्ट असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असताना घरातला प्रिंटर दिसत नाही, कारण लॅपटॉपचा सगळा व्यवहार कंपनीच्या बोगद्यातून जातो. व्हीपीएन तोडून प्रिंट काढा. कंपनीच्या नियमाने तेही चालत नसेल तर फाइल जबरदस्तीने बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका, कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारा.

आणि गेस्ट वायफाय. पाहुण्यांच्या वायफायवर जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. प्रिंटर चुकून त्याच्यावर जोडला गेला तर दिवा स्थिर, इंटरनेट ठीक आणि पान मात्र नाही. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू असेल तरी हेच होतं.

रांगेत अडकलेलं एखादं जुनं पानही सगळ्यांना अडवून धरतं. विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर', म्हणजे ही रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवायचा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स', त्यातल्या फाइली पुसायच्या आणि स्पूलर परत चालू करायचा. फोल्डर ठेवायचा, फक्त आतल्या फाइली पुसायच्या. गेल्या महिन्याभरात तुमच्याकडून त्या रांगेत बरंच साठलं असणार. पोर्ट बदलल्यावर एकदम वीस पानं बाहेर पडायला लागली तर दचकू नका.

लाईट जाऊन आल्यावर राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. प्रिंटर त्याच्या आधी उठतो, वायफाय सापडत नाही आणि काही मॉडेल मग परत प्रयत्नच करत नाहीत. म्हणून राउटर पूर्ण चालू झाला की मगच प्रिंटर चालू करायचा. आणि प्रिंटर बंद करताना नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने करा, भिंतीवरचं बटण नंतर. स्वतःच्या बटणाने बंद केला की तो हेड टोपीखाली नेऊन झाकतो. भिंतीवरूनच बंद केला तर हेड उघडं राहू शकतं आणि शाई सुकते. हेड बदलायचा खर्च ऐकून लोक प्रिंटर भंगारात देतात आणि मला ते बघवत नाही, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. तुमचा प्रिंटर महिनाभर फक्त झेरॉक्सपुरता चाललाय, त्यामुळे आठवड्यातून एकदा रंगीत झेरॉक्स काढत राहा, म्हणजे चारही रंग वाहते राहतील.

जागेबद्दल एवढंच, की प्रिंटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा आरशाच्या वॉर्डरोबमध्ये ठेवू नका. लोखंड आणि आरशामागचा धातूचा थर सिग्नल परतवतात. रिपोर्टच्या पानावर सिग्नल कमी दिसला तर प्रिंटर दोन फूट सरकवून परत पान काढा, फरक लगेच दिसतो.

एक गोष्ट मी कोणाच्याही उत्तरात गाळत नाही. इंटरनेटवर 'प्रिंटर हेल्पलाइन' शोधून जो पहिला नंबर दिसेल त्यावर फोन करू नका. कंपनीचं नाव लावून बसलेले भामटे तिथे असतात. ते लॅपटॉपचा ताबा घेणारं ॲप टाकायला लावतात, दहा-वीस रुपयांची 'नोंदणी' भरायला सांगतात आणि मधल्या मधे बँकेची माहिती काढून घेतात. नंबर फक्त प्रिंटरच्या खोक्यावरचा, बिलावरचा किंवा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या अधिकृत साइटवरचा घ्या. प्रिंटर जोडायला ओटीपी लागत नाही, यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर एक मिनिटही न दवडता १९३० वर फोन करा, ती सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

मुलीचं प्रोजेक्ट उद्याच द्यायचं असेल तर आज रात्रीपुरती यूएसबी केबल लावा. प्रिंटरच्या मागे चौकोनी तोंडाचं भोक असतं, त्याची केबल कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. केबलने लावल्यावर विंडोजमध्ये त्याच प्रिंटरचं दुसरं नाव तयार होईल, प्रिंट देताना ते निवडा. वायफायचं काम रविवारी निवांत करा.

आणि रविवारी अडलंच, तर मला तीन गोष्टी कळवा: हॉटस्पॉटवर पान निघालं का, रिपोर्टच्या पानावरचा आयपी पत्ता काय आहे, आणि तो पत्ता टाकल्यावर ब्राउझरमध्ये पान उघडलं का. एवढ्यावरून नेमका कुठला टप्पा अडलाय ते सांगता येईल.